पलंग माझा आहे

१ डिसेंबर, रविवार
आजपासून वाल्मिकची रातपाळी. म्हणजे पंधरा दिवस रात्रीचा पलंग माझा. लेक इथे सुरतेत बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तास उभा असतो. त्याची दिवसपाळी असली की रात्री पलंगावर तो झोपतो आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर. फरशीवरून उठायचं म्हणजे आधी भिंत धरायची, मग गुडघ्यांची मनधरणी करायची. त्यामुळे रातपाळी मला सणासारखी. पलंग सागवानी आहे. नवऱ्याने दिलं ते एवढंच, बाकी शिव्या.

पण या खेपेला पलंगावर मांजर आहे. दिवाळीत वाल्मिकने खात्यातून आणली, बॉबिनच्या खोक्यात घालून. म्हणे घरात उंदीर झालेत. नातीने, वर्षाने, नाव ठेवलं स्वीटी. मी टवळी म्हणते.

निश्चय: आजपासून टवळी पलंगावर चढणार नाही. एकदा दटावलं की झालं. मी तीन नणंदा सरळ केल्या, मांजर काय चीज आहे.

वर्षाची अर्धी कोरी वही रद्दीत चालली होती, तिच्यात लिहिते. तिसरी शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

२ डिसेंबर
दटावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोटावर येऊन बसली. नवीन आहे, कळलं नसेल.

३ डिसेंबर
उशाशी काठी घेऊन झोपले. टवळी आली. काठी उगारली ती मच्छरदाणीच्या दोरीत अडकली, मच्छरदाणी माझ्या अंगावर. टवळी मच्छरदाणीवर, म्हणजे माझ्यावर. सुनेने लाईट लावली. म्हणे, आत्या, मासे धरताय का? सुषमाच्या माहेरी हसायला बंदी असेल, इथे येऊन भरपाई करते.

५ डिसेंबर, गुरुवार
उपाय सापडला. दार बंद, खिडकी बंद, स्वयंपाकघराच्या फुटक्या जाळीला परात लावली. रात्री परात पडली. शेजारची सखुबाई धावत आली. काय व्हयनं वं बइन, सिलेंडर फुटनं का? दार उघडलं तर आधी टवळी आत, मग सखुबाई. दोघी पलंगावर बसल्या. सखुबाईने चहा मागितला.

उपाय बरोबर होता. परात हलकी पडली.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी
भरीत-भाकरीचा बेत. तिखटाचा डबा हाताशी होताच, पलंगाच्या काठाला सगळीकडे तिखट चोळलं. मांजरीला तिखट सोसत नाही हे शेंबडं पोरगंही सांगेल. नंतर डोळ्याला जरा खाज आली म्हणून डोळा चोळला. मग दुसराही चोळला. अर्धी रात्र नळाखाली गेली. परत आले तर टवळी मधोमध, तिखट नव्हतं तिथे. सुषमा म्हणे, आत्या, मांजर नाही उतरली, तुम्ही मात्र उतरल्या.

बाईच्या जिभेला हाड नाही. यंदाची मिरचीच जास्त तिखट आहे.

९ डिसेंबर
रात्रभर जागून पहारा केला. पहाटे बघते तर उशी तिच्या डोक्याखाली, माझं डोकं लाकडावर. वर्षा म्हणते, मोठी माय, तू तर मस्त घोरत होतीस. घोरताना पहारा करता येत नाही असं कोणी सांगितलं?

१० डिसेंबर, मंगळवार
वाल्मिक सकाळी कामावरून आला तसं त्याला सांगितलं, जिथून आणली तिथे सोडून ये. तो म्हणे, माय, बिचारी दिवसभर माझ्या पायाशी पडून असते, एक शब्द बोलत नाही. हे त्याने माझ्याकडे बघून म्हटलं.

म्हटलं, उंदरांचं काय? म्हणे, धरेल हळूहळू. काल उंदीर हिच्या वाटीतलं दूध पीत होता, ही बघत होती. असली कारागीर खात्यातून काढून टाकली यात नवल नाही.

लेकाच्या भरवशावर राहिले तर मरेपर्यंत कडेलाच झोपावं लागेल. आपलं आपण करावं.

१२ डिसेंबर, दुपारी
काम फत्ते. वाल्मिक झोपला होता. टवळीला भाजीच्या पिशवीत घातलं, रिक्षा केली, बमरोलीला त्याच्याच खात्याच्या फाटकाशी सोडून आले. तिचं माहेर तेच. रिक्षावाला विचारत होता, बा, थेलीमां शुं छे? म्हटलं, सून. त्याने रिक्षा जोरात हाणली.

आज पाय पसरून झोपणार.

१३ डिसेंबर, सकाळ
पाय पसरून झोपले.

आता वाल्मिक आला. स्वेटरच्या आत टवळी, नुसतं डोकं बाहेर. याच्या डोळ्यांत पाणी. माय, कितली हुशार शे देख! माले शोधत शोधत खातापावत उनी! एवढ्या ट्रकांमधून, म्हणे, एवढ्या कुत्र्यांमधून. मी म्हटलं, हो का.

येताना तिच्यासाठी मलई आणली. मी याला कडेवर घेऊन नंदुरबारहून सुरतेला उभ्याने आले, मला कधी मलई नाही आणली.

१४ डिसेंबर
गल्लीभर झालं. बायका मांजर बघायला येतात. सखुबाईने तर टवळीला कुंकू लावलं. म्हणे, मागच्या जन्माचं नातं असेल. असेल. मागच्या जन्मीही पलंग दुसऱ्याचाच असेल.

आता डोक्याने काम करायला हवं. सुषमाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, टवळीच्या अंगावरून पलंगात ढेकूण आलेत, मी डोळ्यांनी पाहिला. नसेल कशावरून? एवढी केसाळ आहे, एखादा असेलच. ढेकणाचं नाव काढलं की सुषमाला घाम फुटतो.

दोन दिवसांत मांजर घराबाहेर. लिहून ठेवते.

१६ डिसेंबर, सोमवार
दिवसपाळी लागली, मी फरशीवर आले. पण काम चालू आहे. रात्री वाल्मिक पलंगावर खाजवत होता. खाली सुषमा खाजवत होती, वर्षा खाजवत होती. पहाटे माझ्याही पाठीला काहीतरी चावलं. म्हणजे आहेतच. मी उगाच बोलत नाही.

१८ डिसेंबर
सुषमाने टवळीला शाम्पूने धुतलं, उवांच्या फणीने विंचरलं. ढेकूण सोडा, पिसूही निघाली नाही. वर्षाने मोबाइल उघडून मोठ्याने वाचलं: ढेकूण मांजरीच्या अंगावर राहत नाहीत, लाकडाच्या फटीत राहतात.

सगळ्यांनी पलंगाकडे बघितलं.

म्हटलं, मोबाइलला काय कळतंय? त्याने कधी मांजर पाळली?

२० डिसेंबर
पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. मग फवारा मारला. सगळ्यांचे डोळे चुरचुरले, खाज तिथेच. मी म्हटलं, जाऊ द्या, आता गेले असतील, मला तर काही चावत नाही. सुषमा म्हणे, तुम्ही तिकडे स्वयंपाकघरात झोपता, तुम्हाला कसे चावतील? आणि डोळ्यांनी पाहिला म्हणाल्या ना? म्हटलं, पाहिला. केवढा होता? म्हटलं, होता बऱ्यापैकी. म्हणे, मग त्याची पिलं असतील.

या घरात पूर्वी कोणी माझं ऐकत नव्हतं. ऐकायला लागले तेही चुकीच्या वेळी.

२३ डिसेंबर, सोमवार
वाल्मिक आठवडाभर धड झोपला नाही. आज खात्यात उभ्या उभ्या डुलकी लागली, हात मशीनकडे गेला. बाजूच्या कारागिराने मागे ओढलं म्हणून बोटं राहिली. सुषमा रडली. तो जेवला नाही, नुसता पलंगाकडे बघत बसला. मी टवळीकडे बघते ना, तसा.

त्याच्या पाठीवर हात फिरवला, म्हटलं, बाबा, माझं ऐक, मांजर काढ, सगळं थांबेल. तो म्हणे, तिने काय केलं माय, ती तर धुतलेली आहे.

मी पुढे काहीतरी बोलणार होते. पण भाकरी करपायला लागली.

२५ डिसेंबर
भंगारवाला बोलावला. त्याने सागवानावरून हात फिरवला, मान डोलावली, वाकून खालून बघितलं. मी पलंगाचा खूर धरून ठेवला. तेवढ्यात सखुबाई तिच्या दारातून ओरडली, ढेकणाचा शे रे भाऊ तो! भंगारवाल्याने हात पँटला पुसला आणि गाडी ढकलत निघून गेला. वीस वर्षांत सखुबाईच्या तोंडाचा पहिल्यांदा उपयोग झाला. पलंग वाचला.

रात्री: वाल्मिकने कोणाकडून तरी कुऱ्हाड आणली आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार
गल्लीत शेकोटी झाली. सागवान चांगलं जळतं, धूर नाही. सगळे जमले. सखुबाई म्हणे, असं लाकूड आता मिळत नाही बइन. टवळी सगळ्यात पुढे, पोट शेकत. मीही पुढे जाऊन हात शेकले. माझाच होता, मी का मागे राहू?

२९ डिसेंबर
वाल्मिक फरशीवर चटई टाकून गाढ झोपतो. घरात कोणाला खाज नाही. सुषमा सगळ्यांना सांगते, आमच्या आत्यांची नजर बारीक, त्यांनीच आधी ओळखलं. सून चांगली आहे तशी.

१ जानेवारी, बुधवार
रातपाळी लागली. वाल्मिक गेला.

महिन्याभरापूर्वी ठरवलं होतं, टवळी पलंगावर चढणार नाही. नाही चढत. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

आज माझी गोधडी बाहेरच्या खोलीत अंथरली, पलंग होता तिथे. जागा माझीच आहे. लाईट बंद केली तशी टवळी आली आणि गोधडीच्या मधोमध बसली. म्हटलं, चल, उतर खाली. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मीही बघितलं. खाली काही उरलंच नव्हतं.

मग मीच सरकले. फरशी गार आहे.