आत्याचे दोन इंच

४ फेब्रुवारी, मंगळवार

कापली! टेपचे पहिले दोन इंच उडवले, पितळेची पट्टी परत टोकाला ठोकली, वर खडू चोळला. आता आत्याच्या टेपवर पहिला आकडा तीन. आणि बाईसाहेबांना पत्ता नाही! आत्या टेपची सुरुवात कधी बघतच नाही, शेवट बघते.

कापलेला तुकडा इथेच डिंकाने चिकटवतेय. आठवण म्हणून.

का कापली? तर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती आरशासमोर उभी राहून स्वतःची कंबर मोजते आणि सगळ्या दुकानाला ओरडून सांगते — चौतीस! सगळं दुकान म्हणजे मी आणि कटिंगवाले मास्तर. मग मला ऐकवणार, "बघ टाचणे, पंचेचाळिशी आली माझी. बाविसाव्या वर्षी शिवलेला कोट अजून बसतो!" कोट म्हणजे तो हिरवा, काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर असतो तो. पहिल्या कमाईत तिने स्वतःसाठी शिवलेला.

टाचणी म्हणजे मी. दहावीत आपटले म्हणून आई-बाबांनी हिच्याकडे पाठवलं. इथे येऊन परत आपटले. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या खुर्चीवर टाचणी उभी केली होती, तेव्हापासून हे नाव. मास्तर बसले, उठले, टाचणी डबीत ठेवली आणि कामाला लागले. एक शब्द नाही! त्या माणसाला दिवसाला दहाच शब्द मिळतात, तेही जपून वापरतो.

तर आज. टेप गुंडाळली. आकडा बघितला. पोट आत ओढलं, परत गुंडाळली. चष्मा लावला. "छ—" म्हणाली आणि पुढचं गिळलं. मी काउंटरखाली तोंडात अस्तराचा बोळा कोंबून हसत होते.

लगेच सांगणार होते, शप्पथ! पण तेवढ्यात हेडबाई आल्या कोट शिवून घ्यायला. माझ्याच शाळेच्या. माझ्या सहामाहीच्या निकालावर यांनीच लिहिलं होतं, 'जिभेइतका हात चालवला तर पास होईल.' आत्याने त्यांच्या कमरेला टेप लावली. चव्वेचाळीस! "अहो, बेचाळीस होते मी!" हेडबाई ओरडल्या. आत्या हळूच म्हणाली, "माझंही तसंच झालंय." मग दोघींनी एकमेकींचा हात धरला आणि जिना चढून गेल्या. वरती वजन उतरवायचं सेंटर निघालंय ना, तिथे.

उद्या सांगते.

५ फेब्रुवारी

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, एक निळं पेन. मला वाटलं मापाच्या वहीसाठी आणलं, शाई वाळू नये म्हणून गारव्याला ठेवलं. टोपण काढून लिहायला गेले तर टोकाला सुई!

"हात लावलास तर बोटं छाटीन!" आत्या मागून ओरडली. आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं म्हणे. भूकच लागत नाही. पहिलं कालच टोचलं वरच्या मॅडमने. ही मॅडम कायम हसते. जिन्यात धडकली तरी हसते, दारात बिल मागायला माणूस आला तरी हसते.

मी म्हटलं, "आत्या, कोट घालून बघ ना. बटण लागलं तर कशाला टोचायचं?"

"टेपपेक्षा कोटाला जास्त कळतं का? वीस वर्षं हिच्या जिवावर पोट भरतेय मी."

मी फ्रिज लावून टाकला. चोराच्या मनात चांदणं.

६ फेब्रुवारी

बटाट्याच्या काचऱ्या तळल्या होत्या. आत्या स्वतःला कधी वाढून घेत नाही, माझ्या ताटातल्या उचलते. "तुझ्याकडच्या जास्त कुरकुरीत." रोजची भांडणं यावरून! आज दहाच्या दहा मीच खाल्ल्या. कुणी उचललीच नाही. अगदी बेचव लागल्या.

९ फेब्रुवारी

आत्याला ढेकर. आत्याला मळमळ. इस्त्रीच्या वाफेचा वास नको, अंड्याचा नको, मास्तरांच्या डोक्याच्या तेलाचा नको. मास्तर उद्यापासून तेल न लावता येणार म्हणाले. (पाच शब्द खर्च!)

मी सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "टाचणे, आज काही वाकडं बोलू नकोस गं, पोटात ढवळतंय." म्हणून नाही बोलले. म्हणजे तिच्यासाठीच.

१३ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहिताना हसावं का रडावं कळत नाहीय.

हेडबाईंचा कोट तयार. मास्तर वहीतलं माप बघून लोखंडी पट्टीने कापतात, त्यांचा टेपशी संबंधच नाही. म्हणजे कोट पक्का दोन इंच मोठा! हेडबाईंनी घातला. कंबर ढगळ, खांदे दंडावर, बाह्या पार बोटांपर्यंत. मी मनात म्हटलं, आता फुटलं बिंग.

हेडबाई आरशासमोर गर्रकन फिरल्या. "दोन इंजेक्शनांत दोन इंच!"

आत्या म्हणाली, "पण बाह्या लांब कशा?"

"चरबी गेली की हात आत ओढले जातात हो! मॅडम म्हणालीच होती, सगळ्या अंगाला लागू पडतं."

दोघी मिठी मारून रडल्या! ज्या बाईने मला सहामाहीत एका मार्कासाठी भूगोलात नापास केलं तिला हात आत ओढले जातात हे पटलं!

मास्तर सुया लावायची उशी हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते. वाईट खोड आहे माणसाला.

त्यांनी रात्रीपुरतं एकच वाक्य ठेवलं होतं. जाताना म्हणाले, "वहीत होतं तेच कापलं."

१४ फेब्रुवारी

पोस्टमनची आमच्याकडे शिवलेली नवी पँट पायात येऊन तो जिन्यावर पडला. तोही वरूनच उतरत होता. आता सगळा रस्ता टोचून घेणार बहुतेक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोकं चालवलं. नवी टेप आणली, अगदी तशीच पिवळी. जुनी उचलून नवी ठेवली. हिशोब साधा — आत्या परत मोजणार, चौतीस भरणार, खूश होणार, टोचणं बंद. कुणाला कळणार नाही, कुणी मारणार नाही. माझ्याइतकं हुशार या घरात कोणी जन्मलं नाही!

१६ फेब्रुवारी

मोजली. तेहतीस!

मी विसरलेच की ती बारा दिवस जेवली नाहीय.

"छत्तीसची तेहतीस! बारा दिवसांत तीन इंच!" दुकानभर नाचली, मधेच चक्कर आली म्हणून मशीनला धरलं, परत नाचली. लगेच वर जाऊन आणखी चार पेनं घेऊन आली, तीही जास्त जोराची. अंडी खालच्या कप्प्यात गेली, पेनं दारात उभी.

आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि फुफाटा मीच पेटवलेला.

१८ फेब्रुवारी

चारही पेनं तांदळाच्या डब्यात लपवली. तिने अर्ध्या तासात शोधली. मी म्हटलं, उंदीर असेल. "उंदराने टोपणं वर करून ओळीत ठेवली का?"

२० फेब्रुवारी

आत्याने एका शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. आत्याने! जी झोपेत काज करते ती! मास्तरांनी उसवली आणि परत जोडली. मग तिच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला.

दुपारी तिने स्वतःच्या बोटातून टीप घातली. नखातून आरपार. ओरडली पण नाही, नुसती बघत बसली, जणू दुसऱ्याचं बोट आहे. मी सुई ओढून काढली. तिचा हात धरला तर मनगटावर माझं बोट आणि अंगठा जुळले. आधी नव्हते जुळत. मला माहितेय, कारण ती मला कानफटायला यायची तेव्हा मी तेच मनगट धरायचे.

मला आज काही विनोद सुचत नाहीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

या वहीतला तुकडा फाडून नेला (४ तारखेच्या पानावर आता नुसता डिंकाचा डाग). जुनी टेपही नेली. दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "छत्तीस नव्हतीसच तू. चौतीसच होतीस. मी कापली."

तिने तुकडा टेपच्या टोकाला लावून बघितला. एक, दोन, मग तीन. बरोब्बर जुळला. कात्री मी सरळ चालवते, हे तिनेच शिकवलंय.

मला वाटलं आता फूटपट्टी. मी हात पुढे पण केला. ती उठली आणि पुतळ्याच्या अंगावरचा हिरवा कोट काढून घातला. बटणं लावली. आरशात कोट दिसत होता, आत्या त्यात कुठेतरी आत होती. खांदे उतरलेले. पुतळा बरा दिसायचा.

"तेवीस वर्षं," ती म्हणाली, "तेवीस वर्षं बसत होता गं हा मला."

तेव्हा मास्तर खडू खाली ठेवून बोलले. "पहिल्या दिवशीच घालून बघायचा होतात."

आत्या त्यांच्यावर फिरली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"डोळे आहेत मला."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी खडू परत उचलला. "टाचणीने बोलायला हवं होतं."

मग मात्र फूटपट्टी बसली. दोन. एक माझ्या हातावर, एक मास्तरांच्या टेबलावर.

पेनं कचऱ्यात टाकणार होती, पण म्हणाली ही वरतीच परत करीन. मंगळवारी टोचलं ते शेवटचं. सुटले!

२३ फेब्रुवारी

नाही सुटले. भूक लागतच नाहीय. मॅडमने हसत सांगितलं, औषध अंगात महिनाभर राहतं, काही करता येत नाही. आत्या दोन घास खाते आणि ताट सरकवते. रागावलेली पण नाहीय. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी

आत्याने मला हेडबाईंकडे पाठवलं. जा आणि तुझ्या तोंडाने सांग म्हणाली. ऑफिसात उभी राहून सगळं सांगितलं. तीच लाकडी खुर्ची, तोच घंटेचा दोर.

हेडबाई म्हणाल्या, "म्हणजे मी बेचाळीसच होते?"

"हो, बाई."

"आणि हात?"

"हात आहेत तेवढेच आहेत, बाई."

त्यांनी बाह्या दुमडल्या. मग कागद पुढे सरकवला. 'मी कोणाचीही टेप कापणार नाही.' शंभर वेळा! वीस वर्षांची घोडी मी, बसून लिहिलं. ऐंशीनंतर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "कोट आत घेऊ नका म्हणावं. आवडलाय मला असाच." आणि कपाटातून बिस्किटाचा पुडा काढला, बघितला, परत ठेवला. "भूकच नाही गं लागत."

आणखी एक माझ्या डोक्यावर.

२७ फेब्रुवारी

स्वयंपाक आता मी करते. आज काचऱ्या तळल्या, आत्या कापते तशा पातळ. सगळ्यात कुरकुरीत एक ताटाच्या कडेला ठेवली, तिच्या बाजूला. आणि मुद्दाम खिडकीकडे बघत बसले.

तिथेच राहिली.

२८ फेब्रुवारी

तिथेच राहिली.

१ मार्च

ठेवली. राहिली. मी पण नाही खाल्ली. मास्तरांना सकाळी दिली तर त्यांनी कागदात गुंडाळून परत दिली. "माझ्यासाठी नाहीय ती."

४ मार्च, मंगळवार

पहिला मंगळवार. आत्याने कंबर मोजलीच नाही. आरशावर कापड टाकलंय.

५ मार्च

वरच्या सेंटरला सील! सकाळी दोन पोलीस आणि औषधखात्याचा माणूस आला, खोके भरून पेनं घेऊन गेला. मॅडम फरार. औषधखात्याचा माणूस आमची परत केलेली पेनंही लिहून घ्यायला खाली आला आणि म्हणाला, मागच्या आठवड्यात नमुने नेले होते, तपासून झालेत बाई, सगळ्यात नुसतं मिठाचं पाणी होतं, पहिल्यापासून.

आत्या म्हणाली, "औषध नव्हतंच?"

"थेंबभर नाही."

तो गेला. जेवायला बसलो. आत्याने आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छत्तीस पण खोटं," म्हणाली, "सुई पण खोटी." तिच्या पोटातून असा काही आवाज आला की मास्तर बाहेरून बघायला आले.

मग तिने माझ्या ताटाच्या कडेची काचरी उचलली. मग दुसरी. मग ताटच ओढलं.