कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाईच्या तुकड्याबाबत

प्रति,
मा. संग्रह अधिकारी,
युरोपीय चित्रपट विभाग,
चित्रपट संग्रहालय.

विषय: नष्ट करायच्या डब्यातला फिल्मचा एक तुकडा मित्राला दाखवण्याबाबत.
संदर्भ: आपलं उत्तर, 'संबंधित व्यक्तीचा फोटो जोडून पुन्हा अर्ज करावा.'

महोदय,

हा दुसरा अर्ज लिहिणारच नव्हतो. टाइप केला, पुसला. पण तुमचे कारकून म्हणाले, "बाबा रे, तोंडी काही चालत नाही इथे." म्हणून कागद.

मी तुमच्याच तळघरात कंत्राटावर आहे. जुन्या युरोपीय चित्रपटांची रिळं टेबलावर फिरवून बघतो, काय दिसतं ते लिहितो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून जमलं. ज्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते कुजायला लागलेलं असतं. ते नष्ट करायला बाजूच्या खोलीत टाकायचं.

असाच एक डबा उघडला. परदेशी युनिटनं आमच्या बंदरात शूटिंग केलं होतं, त्यातले कापून टाकलेले तुकडे. गर्दीतल्यांना बजावलेलं असतं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. एक बाई बादली घेऊन जाते आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघते. हसतेसुद्धा. म्हणून तो शॉट कापला. चित्रपटात तिची नुसती पाठ आहे.

तिचं नाक पान्याचं आहे. पान्या माझा मित्र, लिफ्ट दुरुस्त करतो. तो रांगत होता तेव्हा आई गेली, आणि वडिलांनी तिचे सगळे फोटो चुलीत घातले. त्याला आईचा चेहरा माहीत नाही.

मी त्याच्या मावशीला वर्णन सांगून विचारलं. बादली डाव्या हातात, पुढचा दात अर्धा. मावशी म्हणाली, "ताईच ती! शूटिंगला गेलेली. बघू नको म्हटलं की आधी बघणार." मोबाइल दारावर जमा करावा लागतो, नाहीतर तुकड्याचा फोटो काढून नेला असता, हा अर्जच नसता.

तुम्ही म्हणता, ओळख पटवायला फोटो जोडा. फोटो असता तर तुकडा कशाला मागितला असता? मावशीला आणू का विचारलं, तर आत यायला परवानगी लागते, आणि परवानगीला आधी ओळख पटलेली लागते. मग म्हटलं, मुलाचं नाक जुळवा. कारकून म्हणाले, "नाक कुठल्या रकान्यात लिहू?" खरंच रकाना नाही. मी बघितलं.

पान्याला सांगितलं तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात होता. वर न बघता म्हणाला, "बरं. तो मोठा पाना दे." दिला. मलाही काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. जेवतो, रीळ लावतो, घरी जातो. निघताना मात्र त्यानं विचारलं, "हसते म्हणालास ना?"

शुक्रवारी त्या खोलीतले डबे गाडीत भरायचेत. भरणारा मीच. त्याआधी पान्याला एकदा माझ्या टेबलाशी बसू द्या. तुकडा पापणी लवेपर्यंत संपतो. मी हातानं हळू फिरवीन.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तळघरातला रीळवाला
दिनांक: सोमवार

सोबत:
१. मावशीचा जबाब, सहीसह.
२. फोटो: नाही. तोच मागतोय.

ता.क. मागाहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, म्हणून लिहितो. पान्याला मी शब्द दिलाय: काम गेलं तर जाऊ दे, तू तिला बघितल्याशिवाय तो डबा गाडीत चढणार नाही.