दादाच्या पेशी

प्रिय दादा,

आतड्यातली गाठ काढली तेव्हा तिचा तुकडा तू माझ्या लॅबला दिलास. म्हणालास, "घे, घरच्याच माणसाच्या उपयोगी पडू दे." वर्षभरात आजार यकृतात निघाला. "गाठ काढली होती ना, मग हा तिथे गेला कसा?" असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला.

आतड्यातलं रक्त आधी यकृताकडेच जातं, दादा. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी त्या वाटेने जाऊन गुपचूप बसल्या होत्या. तिथे चिकटायला त्यांना एक प्रथिन लागतं आणि आमचं औषध तेच अडवतं. लॅबमधल्या बशीत अकरा रुग्णांच्या पेशी त्याने थांबल्या. तुझ्या चार दिवस थांबल्या, मग दुसरंच प्रथिन वापरून चिकटल्या. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. काल मी हातमोजे असे आपटले की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकलीच.

"माझ्या पेशी वठणीवर आल्या का गं?" असं तू दर रविवारी फोनवर विचारतोस. मी "येतायत" म्हणते. उद्यापासून दोन्ही प्रथिनं एकदम अडवून बघणार आहे. पण ते जमलं तरी औषध माणसांना द्यायला सात-आठ वर्षं जातील. हे तुला सांगायला तोंड उघडत नाही, आणि हे पत्रही मी टाकणार नाही.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी