चाकांवरची वस्ती

एलिंग काउंटी, आयोवा
७ जून, दुपार

प्रिय ऑरिन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. छप्पर शाबूत राहिलं, कोठारामागचे दोन अक्रोड मात्र आडवे झाले. गारांनी तुझा मका झोडपला असं ऐकलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तू पाठवलेला कागद मिळाला. आपत्ती समितीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात म्हणतोस. ‘या वादळाचा अंदाज कुणालाच करता आला नसता.’ वाक्य झकास आहे. वकिलाकडून लिहून घेतलंस का? मी सही करणार नाही.

कुणालाच म्हणजे काय रे? गेल्या वर्षी जानेवारीत चर्चच्या वतीने मीही त्या टेबलाशी बसले होते. पूर, बर्फ, टोर्नेडो, कुठल्या गावाला कशाचा किती धोका ते आपण ठरवत होतो. कत्तलखान्यामागच्या ट्रेलरवस्तीचं, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरांचं, नाव आलं तेव्हा मी म्हटलं, "तिथे एकही तळघर नाही, धोक्याचा भोंगासुद्धा ऐकू जात नाही. सगळ्यात जास्त धोका लिहा."

तू चष्मा पुसत म्हणालास, "ती माणसं आज इथे, उद्या टेक्ससमध्ये. कायमची वस्ती नाहीच ती. कमी लिहा."

आणि समितीतला तुझा तो क्लीट! "ट्रेलरला चाकं असतात की! वादळ आलं तर पळवतील!"

सगळे खो खो हसले. अध्यक्षमहाराज, तुम्हीही हसलात. विरोधात माझ्या एकटीचा हात वर होता. त्यावर तू काय म्हणालास? "ताई आता थकली."

थकले नव्हते. संतापले होते. जास्त धोका लिहिला असता तर वस्तीला मिळाली असती ती पक्की आश्रयखोली तुम्ही जत्रेच्या मैदानावर बांधलीत. वर्षातून एक आठवडा तिथे माणसं येतात, तीही डुकरांची बक्षिसं बघायला. परवा टोर्नेडो आला तेव्हा त्या खोलीत घडीच्या खुर्च्या सुरक्षित होत्या.

वस्तीतली माणसं रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडली. एकाने बायकोला आणि लेकीला खाली घेतलं आणि स्वतः त्यांच्यावर पालथा पडला. उडत आलेला पत्रा त्याच्या पाठीत घुसला. काल सकाळी तो गेला. एफ्राईन त्याचं नाव. कत्तलखान्यात सुरी चालवायचा. रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या बेचव बटाट्यांना हसत हसत मिरची लावायचा.

‘तो तुझ्याकडे कसा काय यायचा?’ असं तू विचारशील. इतका वेळ तेच लिहायचं टाळते आहे.

त्याची बायको जोलीन. आपली जोलीन, ऑरिन. "त्या मेक्सिकनाशी लग्न केलंस तर मला मुलगी नाही," असं तू जिला अंगणात उभं करून सुनावलंस, ती. दोन वर्षांपूर्वी ती परत आली. मला म्हणाली, "आत्या, बाबांना आपणहून सांगू नकोस. त्यांनी माझी चौकशी केली तर मात्र लगेच सांग." मी वाट बघितली. प्रत्येक नाताळला तुझ्या तोंडाकडे बघत बसले. तू एकदाही विचारलं नाहीस.

ती आता माझ्या मागच्या खोलीत आहे. खांद्याचं हाड मोडलंय. तुझा कागद तिने वाचला. मग म्हणाली, "आत्या, त्यांना कळव. आम्ही कायमचे राहायला आलो होतो." लेकीचं नाव इनेस. तीन वर्षांची आहे. वारा सुटला की टेबलाखाली जाऊन बसते, साखर दाखवली तरी बाहेर येत नाही.

शुक्रवारी अकराला दफन आहे. ये, असं मी म्हणते. जोलीन म्हणत नाही. आलास तर अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत बसू नकोस. मागे कत्तलखान्यातली माणसं उभी असतील, त्यांच्यात उभा राहा. भाषण करू नकोस. तिने विचारल्याशिवाय माफीसुद्धा मागू नकोस. मातीची मूठ टाक आणि ती बोलते का बघ. नाही बोलली तर मुकाट्याने घरी जा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे, सहीची जागा कोरी ठेवून.

तुझी बहीण (हे दोन शब्द लिहिताना हात अडला होता, तरी लिहिले),
व्हर्ना