न्हाणीच्या पाण्यावरची मेंदी

पोरी फौजिया,

तू मागच्या दारी लावलेली मेंदी यंदा फुलली. तू हितं होतीस तवर तिला कधी फूल धरलंच न्हाई. कवळा शेंडा आला की तू खुडायचीस, पाट्यावर वाटायचीस आन रंग आधी माझ्या हातावर बघायचीस.

तू कापूरहोळच्या फाट्यावरनं गाडी धरून गेलीस, तिकडंच आपल्या मनानं लग्न केलंस. तवापास्नं झाडाला कुणी हात लावला न्हाई. थंडीत पाला झडून नुसत्या काड्या उरल्या. वाटलं, वाळली. म्या उपटली बी न्हाई, पाणी बी घातलं न्हाई. न्हाणीचं पाणी तिकडं जातंच.

आता सगळ्या घरात तिचा वास असतो. जेवताना तुझे अब्बा म्हणाले, "कसला गं वास?"

"मेंदीचा."

तुझं नाव काढायचं न्हाई, हे त्यांनीच ठरवलंय. पर संध्याकाळी आपली खुर्ची मागच्या दारी नेऊन बसतात.

काल शेजारच्या सारिकाची आई पाला न्यायला आली. सारिकाचं लग्न हाय. म्या म्हटलं, न्या. तिनं फांदी वाकवली तशी फुलं सगळी खाली पडली. जाताना म्हणाली, "भाबी, तुमी बी लावा की थोडी."

म्या फुलं झाडून काढली आन भाकरी टाकायला बसले. रडू बिडू काय आलं न्हाई.

हे काय टपालात पडायचं न्हाई, म्हणून विचारते. तुझ्या लग्नात तुझ्या हाताला मेंदी कुणी लावली?

तुझी,
अम्मी