गोलमागचा नारळ

नागपूर,
९ नोव्हेंबर १९८३

प्रिय गिरिधर,

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. पत्ता तुझ्या भाच्याकडून घेतला, दोनदा ताडून पाहिला, तरी बल्लारपूरला पोचेल की नाही ही धास्ती आहेच. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर तू ओळखतोसच.

वीस तारखेला, रविवारी, आपल्या जवान फुटबॉल क्लबाला पन्नास वर्षं होतात. नाल्याजवळच्या चौकात मंडप घालणार आहेत. मला नाना काळज्या. माइक बंद पडला तर? हार कमी पडले तर? शेजारची प्रयागबाई म्हणते, "तुमच्या पोरीच्या लग्नात एवढे घाबरले नव्हते गा तुम्ही!" नाल्यापलीकडच्या तुफान क्लबवाल्यांनी तर आतापासूनच थट्टा मांडली आहे. आपल्या मंडपासमोर त्यांनी कापडी फलक बांधला: 'जवान क्लबाचे अभिनंदन. आमचा गोल करणारा गिरिधर कुठे आहे?' काल पानठेल्यावर त्यांच्यातला एक मला म्हणाला, "काहून गा चंपतराव, गिरिधरले बोलावलं का नाही? त्याचा हार आमच्याकडून!" सगळे हसले. मीही हसलो. बत्तीस वर्षं हसतच आलो आहे.

आपला सेक्रेटरी ओमप्रकाश चांगला पोरगा आहे. नारळ फोडायचा आणि जुन्या खेळाडूंची नावं वाचायची, हा मान त्यानं मला दिला. यादी आणून दिली, तर तुझं नाव नाही. विचारलं, तर म्हणाला, "काका, ते तर फितूर झाले होते ना?" एक्कावन्न साली तो जन्मलाही नव्हता. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि त्या दिवशी भाकर उतरली नाही. तुझी आई आठवली. तुफानविरुद्ध हरलेल्या त्या फायनलनंतर इंदूकाकू नळावर आल्या की बाया गप्प व्हायच्या. काकू घागर अर्धी भरूनच परतायच्या. तू महिनाभरात गाव सोडलंस. तुला निरोप द्यायला मी स्टेशनवर आलो नाही, तापाचं निमित्त सांगितलं. ताप नव्हता.

आता लिहितोच. मॅचआधी नारळ फोडून अर्धी वाटी गोलमागं ठेवायची, हा आपल्या क्लबाचा रिवाज. ती मॅच संपेपर्यंत हलू नये, अशी माझी समजूत. शेवटची पाच मिनिटं होती, बरोबरी होती. गोलकीपर मी. मीच ओरडलो, "दे मले, गिरिधर!" तेवढ्यात मागं खुडबुड झाली. पाहतो तर बकरी वाटी खात होती. अपशकुन वाटला आणि मी गोल सोडून तिला हाकलायला धावलो. माझ्या हाकेवर विसंबून तू बॉल मागं दिलास. तो मोकळ्या गोलात गेला. सगळ्यांचे डोळे बॉलवर होते, बकरी कोणी पाहिली नाही. लोक तुझ्यावर धावून गेले, तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खाली मान घालून बूट बांधत बसलो. तूही माझं नाव घेतलं नाहीस.

रविवारी हे मी माइकवर सांगणार आहे, तुफानवाल्यांच्या समोर. माइक बंद पडला तर ओरडून सांगीन. यापुढे बकरीवरून मला चिडवतील, पोरं बें बें करतील. करू देत. यादीत तुझं नाव मी माझ्या हातानं पहिलं लिहिलं आहे. ओमप्रकाश खोडेल म्हणून कागद उशीखाली ठेवतो. तू ये अथवा नको येऊस, मी बोलणारच. पण आलास तर समोर बस, म्हणजे माझी जीभ अडखळणार नाही. नारळ मीच फोडणार आहे. या वेळी मागं वळून पाहणार नाही.

तुझाच, हाक मारून गोल सोडून गेलेला,
चंपत