चौथ्यानंतरचा ठोका

अहो,

आपला सोन्या जाऊन आठ महिने झाले. त्याच्या कातडीच्या पेशींपासून हृदयाचा तुकडा वाढवत होते, ते बंद करा, अशी सही द्यायला आज मी प्रयोगशाळेत गेले. देवाच्या कामात ढवळाढवळ नको, हे तुमचं म्हणणं तिथल्या बाईंना सांगितलं.

"आधी बघून तरी घ्या, काकू," त्या म्हणाल्या.

काचेच्या बशीत मसुरीएवढा तुकडा होता आणि तो धडधडत होता! रोज सकाळी सोन्याच्या छातीवर हात ठेवून मोजायचे, तसे ठोके मोजले. चार पडले आणि एक चुकला. पुन्हा चार, पुन्हा चुकला.

"अहो बाई, दुखणंही तेच?"

"म्हणून तर हवाय. असाच ठोका चुकणाऱ्या मुलांसाठी यावर औषधं तपासून बघता येतील."

"पण याला दुखतं का हो?"

"नाही, काकू."

मी 'ठेवा' म्हणून सही केली. 'नष्ट करा'चा फॉर्म कोराच राहिला, वाया कशाला घालवायचा म्हणून त्याच्याच पाठीवर हे लिहितेय. हे पत्र तुम्हाला देणार नाही, तुम्हाला मात्र 'काम झालं' एवढंच कळवीन.

देवाला सगळं सांगितलंय.

तुमची,
सोन्याची आई